संताच्या झग्यावर थेंब नको

झगा तीनदा धुतला तरी डाग गेले नाहीत. आधी साबणानं धुतला, मग लिंबू चोळलं, शेवटी राखेच्या पाण्यात भिजत घातला. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या मूर्तीच्या पांढऱ्या झग्यावर डाव्या बाजूला काळे ठिपके तसेच राहिले. नेलिदाकाकीनं तो झगा देवळामागच्या खोलीतल्या लांब टेबलावर पसरला आणि चष्मा लावून एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेली. आम्ही सणाच्या समितीतल्या सगळ्या बाया भोवती उभ्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळ्या माझ्याचकडे बघत होत्या.

"इल्दा," नेलिदाकाकी म्हणाली, "तुज्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरनं संताला फवारलंय बघ. किडीचं औषध मारावं तसं."

"औषध न्हाई काकी, तेल हाय ते," मी म्हणाले.

"तेलच की. पर आदल्या साली थोडं व्हतं, गेल्या साली लई झालं. औंदा संताला रेनकोट घालायचा का?"

बाया हसल्या. मीही हसले, काय करणार. काकीनं मग ठरावच मांडला. पंधरा मेच्या मिरवणुकीत ओरेस्तेच्या ट्रॅक्टरला शेवटची संधी. नव्या झग्यावर तेलाचा एक थेंब जरी दिसला, तरी पुढच्या वर्षापासून संत ओविदियोच्या ट्रॅक्टरवर जाणार. ओविदियोचा ट्रॅक्टर नवा, काचेच्या केबिनचा, आत बसलं की थंडगार वारा लागतो. त्याच्या पुढं माती उचलायची बकेट आहे, तिच्यात फुलं भरून संताला उभं करायचं.

ओविदियो माझा धाकटा भाऊ. म्हणजे एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि मधे मी. काकी म्हणाली, हात वर करा. मी केला. झगा मी धुतला होता तीनदा, माझी बोटं सोलली होती, मला कुणी शिकवू नये.

घरी येऊन ओरेस्तेला सांगितलं तेव्हा तो माते, आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, नळीनं पीत होता. नळी तोंडातच राहिली.

"तू बी हात वर केलास?"

"केला."

"माज्या विरोधात?"

"तुज्या न्हाई, तेलाच्या विरोधात."

"आन् बकेटमधी संत," तो म्हणाला. "शेण उचलतोय त्यो त्या बकेटमधी. म्या बघितलंय."

मग तो उठून बाहेर गेला आणि शेडच्या दारात उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. त्याचं दुःख मला कळत होतं, ते इथं सांगितलंच पाहिजे. त्याच्या आजोबांनी हा ट्रॅक्टर आणला तेव्हा आमच्या कोलोनिया फ्योरितात दुसरा ट्रॅक्टर नव्हता. त्या साली इतका पाऊस झाला, की संताची गाडी ओढणारे घोडे पोटापर्यंत चिखलात रुतले आणि आजोबांनी संताला उचलून ट्रॅक्टरवर उभं केलं. तेव्हापासून संत आमच्याच ट्रॅक्टरवर. पुढं या घरातली जमीन भावाभावांत वाटली गेली, गायी विकल्या, मुली लग्न करून रोसारिओ शहरात गेल्या. ओरेस्तेच्या वाट्याला मिरवायला म्हणून एवढी एकच गोष्ट उरली. वर्षातून एक दिवस सगळं गाव त्याच्या मागून चालतं. ते गेलं असतं तर माणूस खचला असता, आणि मला खचलेला नवरा घरात सांभाळायचा नव्हता.

ट्रॅक्टर आहे एका सिलिंडरचा. त्याला गाव 'तोतरा' म्हणतं, कारण चालताना तो एकच अक्षर अडखळत म्हणत राहतो. आधी तोंडाशी बत्ती पेटवून त्याचं डोकं लाल होईस्तोवर तापवायचं, मग बाजूचं मोठं फ्लायव्हील हातानं झुलवून सुरू करायचं. याचं इंजिन असं, की खालची पेटी, जिच्यात इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, फिरतो, ती सुद्धा श्वास घेते आणि सोडते. त्या शाफ्टची दोन टोकं पेटीतून बाहेर येतात, तिथं दोन्ही बाजूंना हवा आणि तेल अडवणारे सील असतात. सील झिजले की हवा गळते, दम जातो, आणि हवेबरोबर तेल बाहेर येऊन फ्लायव्हीलवर पडतं. फ्लायव्हील डाव्या बाजूला, ते तेल चहूकडं उडवतं, आणि त्याच्या मागं दोन हातांवर संत उभा असतो. झग्यावरच्या ठिपक्यांचं कारण हे एवढंच.

आमच्याकडं हिवाळा जूनमधे येतो. एप्रिलच्या शेवटी, सोयाबीन काढून झालं आणि गव्हाच्या पेरणीला अजून अवकाश होता, तेव्हा ओरेस्तेनं काम काढलं. पाराइसोच्या झाडाला चेनपुली टांगली आणि फ्लायव्हील बाहेर काढायला बसला. ते आजोबांच्या काळापासून तिथंच बसलेलं, सहजासहजी कशाला उठतंय. डिझेल ओतून, पाचर ठोकून, शिव्या देऊन एकदाचं निघालं. आत सील म्हणून जे होतं ते बघून मला आधी वाटलं, वाळलेली भाकरीची कड आहे. ते चामडं होतं. बोटानं दाबलं तर तुकडा पडला.

राफाएला शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानातल्या पोरानं तो तुकडा हातात घेऊन विचारलं, हे कुठल्या प्राण्याचं. तिथं रबरी सील शेकड्यांनी होते, पण या मापाचा एकही नव्हता. ओरेस्ते तोंड पाडून परत आला.

"चामड्याचं हाय तर चामडंवाल्याकडं जा," मी म्हणाले.

"देल्मिरो? त्यो घोड्याची खोगिरं करतोय."

"मग? तुज्या आज्याच्या ट्रॅक्टरनं घोड्याचंच काम केलं न्हवं?"

देल्मिरो खोगीरवाला जन्मापासून असा संथ, की त्याच्याकडं टाकलेलं खोगीर तयार होईस्तोवर घोडं म्हातारं होतं. पण ट्रॅक्टरचं काम म्हटल्यावर त्याला उत्साह आला. त्यानं बैलाच्या खांद्याचं जाड चामडं निवडलं, चकत्या कापल्या, ओल्या करून लाकडाच्या साच्यात दाबल्या. कडा आत वळून बशीसारखा आकार आला. "आता ह्यास्नी चरबीत मुरू दे," तो म्हणाला. "गरम चरबी, पर उकळती न्हाई. बोट घालता आलं पायजे."

मुरवायला भांडं कुणाचं, तर माझं. ज्या पातेल्यात मी नातवंडांसाठी दुधाचा जॅम आटवते तेच ओरेस्तेनं उचललं. चुलीवर बैलाची चरबी आणि तिच्यात तरंगणारी चामडी. घरभर असा वास, की मांजर उंबऱ्याबाहेर बसून दिवसभर ओरडत राहिली आणि माझी जाऊ दारापर्यंत येऊन, आज काय केलंय म्हणून विचारून, तशीच परत गेली. मी पातेल्याबद्दल बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. ओरेस्ते ऐकत होता आणि चमच्यानं चामडी उलटत होता, जणू भजीच तळतोय.

सील बसवायचा दिवस उजाडला तो ओविदियोला घेऊन. माझा भाऊ आपल्या काचेच्या केबिनमधून उतरला, बूट झटकले आणि झाडाखाली येऊन उभा राहिला.

"काय दाजी, संताचं आप्रेशन चाललंय जणू?"

"या पाव्हणं," ओरेस्ते मान वर न करता म्हणाला. "बकेट धुतली का?"

"धुतली की. साबणानं. आक्काला इचारून लिंबू बी लावणार हाय."

मी कणीक मळत होते, तशीच दारात आले. "मला मधी वढू नगंस ओविदियो. बसायचं तर बस, न्हाईतर जा."

तो बसला. बघत बसायचं त्याला जमत नाही, लहानपणापासून. ओरेस्तेनं नवा सील शाफ्टवर चढवला आणि तो जागेवर सरकवणार, एवढ्यात ओविदियो उठला, त्यानं शाफ्टवर अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं.

"दाजी, हतं खोबण पडलीया."

"कुठं?"

"हतं बघा. जुन्या सीलमधी फिरून फिरून लोखंड झिजलंय. तुमी नवा सील त्याच जागी बसवला तर कड खोबणीत पडंल. पैल्या दिवशीच गळंल."

ओरेस्तेनं नख लावून बघितलं. मग मीही लावून बघितलं, पिठाच्या हातानं. खरंच, बारीक घळ होती शाफ्टभोवती.

ओरेस्ते फ्लायव्हीलवर टेकून बसला. मला भावाचं नवल वाटत होतं. गप्प बसला असता तर संत त्याच्या बकेटमध्ये आलाच असता.

"शाफ्ट काढून लेथवर न्यायचा म्हंजे मिरवणूक पुढल्या वर्षीच," ओरेस्ते म्हणाला.

"शाफ्ट कशाला काढताय? सीलच जरा भाईर बसवा. मागं एक चामड्याचं कडं घाला, म्हंजे कड चांगल्या लोखंडावर येईल." ओविदियोनं बाह्या वर सरकवल्या. "व्हा बाजूला. तुमच्या हातात काय जीव हाय का."

"पाव्हणं, तुमी माज्या बाजूनं हाय का संताच्या?"

"म्या माज्या ट्रॅक्टरच्या बाजूनं हाय. गळक्या गड्याला हरवून काय नाव व्हणार हाय माजं? धड होऊन ये, मग बघतो."

मग दोघं दुपारभर त्या शाफ्टला भिडले. देल्मिरोनं उरलेल्या चामड्याची कडी कापून दिली. दोन्ही टोकांना जोडीजोडीनं सील बसले, एकाची कड आतल्या बाजूला, दुसऱ्याची बाहेर, कारण ही पेटी फुंकतेही आणि ओढतेही. काम करताना दोघांनी एकमेकांची इतकी अक्कल काढली, की मला वाटलं संध्याकाळपर्यंत एकाचं तरी डोकं पान्यानं फुटणार. पण फ्लायव्हील परत चढलं, बत्ती पेटली, डोकं लाल झालं, आणि दोघांनी मिळून दोन्ही बाजूंनी जोर लावून चाक झुलवलं. तोतरा सुरू झाला. असा आवाज मी लग्न होऊन आले तेव्हा ऐकला होता, त्यानंतर नाही. प्रत्येक ठोका वेगळा आणि भरलेला, शेडचे पत्रे थरथरले. ओरेस्तेनं पांढरा कागद फ्लायव्हीलजवळ धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. कागद कोरा राहिला.

ओरेस्तेचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला धुरानं. ओविदियोनं जाताना माझ्याकडनं शिळी भाकरी आणि सलामी मागून घेतली आणि म्हणाला, "बकेट धुवून ठिवतो तरी. सांगता येत न्हाई."

पंधरा मेला सकाळी धुकं इतकं दाट, की देवळाचा मनोरा कंबरेपासून वर नव्हताच. आदल्या दिवशीच्या झिमझिमीनं रस्ता लोण्यासारखा झालेला. देवळासमोर तोतरा उभा, तोंड दूध सोसायटीच्या रस्त्याकडं. त्याच्यावर लाकडी मांडव, मांडवावर ड्रायव्हरच्या पाठीमागं सान इसिद्रो, तोंड ट्रॅक्टरच्याच दिशेला, हातात खोरं, अंगावर कोरा झगा. काकीनं सोनेरी काठ लावून तो स्वतः शिवलेला. मागं सगळं गाव दोन रांगांत. बाजूला ओविदियोचा ट्रॅक्टर, बकेट फुलांनी भरलेली, असू द्यावी म्हणून.

ओरेस्तेनं लग्नातला सूट घातला होता. बटण लागत नव्हतं, पण कोटाची बाही इस्त्रीची होती. बत्तीनं डोकं तापवून झालं, तसा ओविदियो फ्लायव्हीलच्या दुसऱ्या बाजूला आला.

"सरका पाव्हणं," ओरेस्ते म्हणाला. "आज माजं म्या बघतो."

"दाजी, आता त्याच्यात दम हाय, एकट्याला–"

"सरका म्हणतोय न्हवं."

गावासमोर मेव्हण्याची मदत घ्यायची नव्हती त्याला. आणि वर्षानुवर्षं त्याची सवय अशी, की चाकाला नुसता दंडाचा झोका द्यायचा. गळकं इंजिन तेवढ्यावर फिरायचं. त्यानं तसाच झोका दिला. चाक वर चढलं, आतल्या भरलेल्या हवेला धडकलं, पुरतं पलीकडं गेलंच नाही, मागं फेकलं गेलं, आणि तिथंच इंजिननं पेट घेतला. ठोके पडायला लागले. गावानं टाळ्या वाजवल्या. ओरेस्ते सीटवर चढला, पाद्रीबाबांनी हात वर केला, बायांनी गाणं उचललं, ओरेस्तेनं गिअर टाकला आणि क्लच सोडला.

आता सांगायला हवं, की या जुन्या इंजिनाला सुलटं-उलटं सारखंच. ज्या बाजूला पेटलं त्या बाजूला फिरतं. ट्रॅक्टरला मागं जायचा गिअरच नाही. आजोबांना मागं जायचं असलं की ते इंजिनच उलटं फिरवायचे, पण ती करामत आजोबांबरोबर गेली. ओरेस्तेनं आयुष्यात तोतरा कधी मागं नेला नव्हता.

तोतरा मागं निघाला. सरळ गावाच्या अंगावर.

गाणं तुटलं. रांगा फुटल्या, बाया चिखलातून स्कर्ट धरून पळाल्या, पाद्रीबाबा ओविदियोच्या बकेटकडे धावले. ओरेस्तेनं क्लच दाबला, ट्रॅक्टर थांबला, इंजिन मात्र ठोके घालतच राहिलं. लोक वळसा घालून ट्रॅक्टरच्या तोंडासमोर जाऊन गोळा झाले, कारण तेवढीच जागा सुरक्षित होती. ओरेस्ते पांढराफटक. त्याचा हात इंजिन बंद करायच्या दांड्याकडे गेला, आणि ओविदियो बकेटजवळ उभा राहून आपल्या बुटांकडे बघत होता.

"बंद करू नगंस," नेलिदाकाकी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती काठी चिखलात रोवून ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभी होती आणि वर बघत होती, संताकडे.

"काकी, उलटा चाललाय त्यो," ओरेस्ते म्हणाला.

"दिसतंय मला. आंधळी न्हाई मी. चल तसाच, उलटा. रस्ता गोलच हाय. आधी शेताकडनं जा आन् सोसायटीकडनं परत ये."

"मला मागचं दिसत न्हाई काकी. वळून बघितलं की संतच दिसतोय."

"मग बायकू कशाला केलीस? इल्दा, जा त्याच्या फुडं."

ओरेस्तेला वाटलं, काकी त्याला शिक्षा करतीये, गावभर उलटा मिरवतीये. त्यानं माझ्याकडं बघितलं तेव्हा त्याच्या तोंडावर तेच होतं. मी पदराची गाठ मारावी तशी शाल कंबरेला आवळली आणि पुढं झाले, म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागं.

अख्ख्या संसारात त्या माणसानं माझं इतकं ऐकलं नव्हतं. मी हात केला डावीकडं की तो डावीकडं. "उजवं घे, उजवं, तुजं न्हाई, माजं उजवं. हळू. चर हाय तिथं. कुत्र्याला बघ." तो मान मुरगाळून, नाक संताच्या प्लास्टरच्या नाकाला लागेल इतका वळून, माझ्या आवाजावर चालवत होता. मागून, म्हणजे आता ट्रॅक्टरच्या तोंडाच्या बाजूनं, सगळं गाव येत होतं. हळूहळू गाणं पुन्हा उचललं गेलं. सुरुवातीला हसू होतं, मग ते गेलं, आणि आवाज दरवर्षीपेक्षा मोठा झाला. मी मागं वळून बघितलं तर सगळ्यांची तोंडं वर होती. एरवी मिरवणुकीत माणसं पुढच्याची टाच नाहीतर चिखल बघत चालतात.

शेताच्या कडेला पाद्रीबाबांनी नांगरलेल्या रानावर पाणी शिंपडलं. धुकं तोवर फाटलं होतं, ओली काळी ढेकळं चमकत होती. मग सोसायटी, शाळा, आणि पुन्हा देऊळ. तोतरा एकदाही दम सोडून अडखळला नाही.

देवळासमोर काकीनं चष्मा काढला, पुसला, लावला, आणि झगा धरून खालपासून वरपर्यंत तपासला. काठ उलटून बघितले. पाठ बघितली. थेंब नव्हता. तिनं झगा सोडला, पण हात संताच्या पायावरून काढला नाही.

"लगीन झाल्यापासून चालतीया ह्याच्या मागनं," ती म्हणाली. "नवरा व्हता तवा, नवरा गेल्यावर बी. कायम पाठच बघितली ह्याची. आज पैल्यांदा सगळा रस्ता माज्या तोंडाकडं बघत आला."

तिनं चष्मा पुन्हा काढला. मलाही रडू आलं, मी ते लपवलं नाही. काकीनं नाक पुसलं आणि ओरेस्तेकडं वळली. "फुडल्या साली बी असाच ने. हरसाली असाच. समितीचा ठराव समज."

जेवायला सगळे शाळेच्या खोलीत. टेबलांवर बान्या काउदाची, म्हणजे लसूण-मासळीच्या गरम कालवणाची, मातीची भांडी, लसणाचा वास, कोबीची पानं, भाकरी. आमच्या भांड्याभोवती ओरेस्ते, मी, ओविदियो आणि काकी. ओरेस्तेची मान एका बाजूला वाकडी झालेली, ती सरळ होईना. शेजारच्या टेबलावरून कुणी तरी विचारलंच, "ओरेस्ते, खरं सांग, चुकून झालं न्हवं?"

ओरेस्तेनं माझ्याकडं बघितलं. खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नाही.

"चुकून?" ओविदियो म्हणाला. त्यानं कोबीचं पान भांड्यात बुडवलं आणि सावकाश वर काढलं. "महिनाभर सराव करत व्हते दाजी. म्या सोता बघितलंय. म्हनून तर सील बदललं. गळक्या इंजिनावर उलटं जमत न्हाई ते."

विचारणारा माणूस मान डोलवून आपल्या भांड्याकडे वळला. काकी गालातल्या गालात हसली की लसूण तिखट लागला, मला सांगता येणार नाही. ओरेस्तेनं भांडं ओविदियोच्या बाजूला सरकवलं आणि तळाचा दाट भाग, जो तो कधीच कुणाला देत नाही, चमच्यानं काढून मेव्हण्याच्या भाकरीवर घातला.

"खावा पाव्हणं," तो म्हणाला.

मग माझ्याकडं वाकला. मान वाकडी होतीच, तशीच आणखी वाकडी करून माझ्या कानाशी आला.

"इल्दा," तो हळूच म्हणाला, "ते उलटं सुरू कसं काय झालं गं?"

"मला काय ठावं," मी म्हणाले. "शोध आता. वरीस हाय तुज्या हातात."